शेणाची चाळण

आमच्या घरात पिठाच्या दोन चाळण्या आहेत. एक ओट्याशेजारी खिळ्याला असते. दुसरी गोठ्याच्या कुडाला अडकवलेली असते आणि तिला घराचा उंबरा ओलांडायची बंदी आहे. ही बंदी सासूबाईंनी घातली, आणि घातली ती बरोबरच, कारण त्या चाळणीत मी म्हशीचं शेण धुतलं होतं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. काहीही आत गेलं की बाहेर काय येतं ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. उसाच्या चरकाखाली वाकून मी चोथा हातात घेऊन बघायची, गिरणीतून आलेलं पीठ बोटांत चोळायची. आई म्हणायची, हिला सासरी कोण नांदवून घेणार. नांदवून घेतलं, पण त्यांनाही वेळ लागला.

मी जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकची. तिकडे कॅनॉलचं पाणी, त्यामुळे दावणीला बारा महिने हिरवा मका नाहीतर लसूणघास. लग्न होऊन आले ती आंबेगावात, शिनोलीच्या वर डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे तिथे. इथलं तंत्रच वेगळं. चार महिने पाऊस असा की कपडे चुलीवर वाळवायचे, आणि पाऊस सरला की प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे हिरव्या चाऱ्याचं नाव कोण काढतंय. जनावरं आठ महिने डोंगरावरच्या वाळल्या गवतावर काढतात. ते गवत मात्र दृष्ट लागावी असं. मामा, म्हणजे माझे सासरे, दिवाळीनंतर दारात त्याची गंजी रचतात. सोनेरी, शिगोशीग, वरून शाकारलेली. येणारा-जाणारा थांबून बघतो आणि मामा काहीच न ऐकल्यासारखं करतात.

गोठ्यात एक म्हैस होती. होती म्हणजे आहे, पण ते पुढे येईल. ही म्हैस आत्यांची, म्हणजे सासूबाईंची. घरातलं बाकी सगळं सगळ्यांचं, म्हैस आत्यांची. तिची आईसुद्धा याच गोठ्यात होती. ती म्हणे दिवसभर खायची, पोट नगाऱ्यासारखं, आणि बरगड्या लांबूनही मोजून घ्याव्यात. पुढे दूध आटलं, गाभण राहीना. तेव्हा आत्यांनीच चिडून तिला बाजार दाखवला आणि पाठीमागची पारडी ठेवून घेतली. तीच ही. आता हिचीही तीच गत झाली होती. दूध आटलं होतं, वर्ष झालं तरी माजावर येत नव्हती, आणि दोन भारे गवत मात्र रोज फस्त. आत्या तिच्यापुढे गवत टाकताना म्हणायच्या, "आईवर गेली बघ. नुसती खादाड. खाल्लेलं अंगी लागत नाय."

हेच वाक्य त्या माझ्याबद्दलही म्हणायच्या, कारण मी काडी. त्यामुळे म्हशीची आणि माझी थोडी जवळीक होती.

तीन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर मामांनी सांगून टाकलं, "शिमग्यापातूर बघू. गाभण ऱ्हायली तर ऱ्हायली. न्हाईतर बाजार." त्या दिवशी आत्या रात्री जेवल्या नाहीत. पोट बिघडलंय म्हणाल्या. पोट अजिबात बिघडलेलं नव्हतं.

मी तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, म्हशीला पुढून-मागून तपासलं. ताप नाही, जंत नाहीत, गर्भपिशवी चांगली. मग म्हणाले, "हिला आजार काही नाही. ही उपाशी आहे."

मामांचा पारा चढला. "उपाशी? माझ्या दारात? अवो डॉक्टर, दिसाला दोन भारे खाते ती. पोट बघा तिचं."

"पोट भरलेलंच आहे मामा. ते रिकामंच होत नाही, तीच अडचण आहे."

मला एवढं पुरे होतं. चहा करायचा सोडून मी तिथेच बसले आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. म्हशीचं पहिलं पोट म्हणजे एक मोठा हौद. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. गवत म्हैस पचवत नाही, ते जीव पचवतात, आणि त्यांच्या जिवावर म्हैस जगते. गवत कोवळं असलं की त्यांचं काम झटपट होतं. पण गवताला फूल येतं, बी धरतं, तसं त्याला वाऱ्यात उभं राहायला ताठ कांडं लागतं, आणि मग ते अंगात लाकूड भरायला लागतं. त्या लाकडाला हे जीव काही करू शकत नाहीत. गवत हौदात पडून राहतं, रवंथ करून करून जबडा दुखतो. आधीचं पुढे सरकत नाही तोवर नवीन घ्यायला जागा नाही. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "खरं वाटत नसेल तर शेण चाळणीत धुऊन बघा."

असं कुणी मला सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या पाण्याला गेल्या तशी मी पिठाची चाळण घेतली, मूठभर ताजं शेण त्यात टाकलं आणि वरून तांब्या-तांब्याने पाणी सोडलं. हिरवट पाणी खाली गेलं. चाळणीत जे राहिलं ते मी बोटांनी पसरून बघितलं. बोटाच्या पेरापेराएवढे गवताचे तुकडे, पिवळे, कडक, जसे गंजीत होते तसेच. त्यांवर म्हशीच्या दातांच्या खुणाही दिसत होत्या. एवढा प्रवास करून ते आत गेले तसे बाहेर आले होते.

तेवढ्यात हंडा डोक्यावर घेऊन आत्या आल्या. हंडा खाली ठेवायच्या आधीच त्यांनी चाळण ओळखली. त्या काय बोलल्या ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवट असा होता: "तुझ्या म्हायेरी शेणाच्या भाकरी करत्यात का?" मी म्हटलं, "आत्या, आधी हे बघा तरी." त्यांनी बघितलं नाही. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि चाकणला नोकरीला असलेला नवरा शनिवारी घरी आला तो हसून हसून खाली बसला.

पण माझं डोकं चालायला लागलं होतं. माझ्या माहेरी मक्याचा मुरघास करतात. हिरवा मका बारीक कुट्टी करून दाबून भरायचा, हवा कोंडायची, दीड महिना उघडायचा नाही. तो आंबटगोड होतो आणि वर्षभर टिकतो. मला वाटलं, सोपं आहे. लोणच्यात कैरी मुरून मऊ होते, तसं हे गवतही मुरेल. वाडीत तेव्हा गवत कापणी चाललीच होती. मी निळं पिंप मिळवलं, कापून आणलेलं गवत कुट्टी केलं, गुळाचं पाणी शिंपडलं, पायांनी तुडवलं आणि झाकण लावून वर दगड ठेवले. रोज त्या पिंपाला हात लावून यायची. पोरीच्या लग्नाची तारीख धरावी तसे दिवस मोजले.

पिंप उघडलं तर काय वास! गूळ, ताक आणि पावसाळी माती एकत्र झाल्यासारखा. म्हैस दाव्याला हिसडे देऊन पुढे आली आणि घमेल्यात तोंड घालून खाल्लं. मामासुद्धा म्हणाले, "खाती गड्या." मी मनातल्या मनात सत्कार स्वीकारायला लागले होते. आठवडाभर तेच घातलं आणि मग चाळण काढली. एव्हाना ती चाळण माझ्या नावावर झाली होती.

चाळणीत तेच. पिवळे, कडक तुकडे. कुट्टी केल्यामुळे आखूड होते एवढंच.

मला खरंच रडू आलं. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पहिल्यांदाच उठून त्या जवळ आल्या, पदर नाकाला लावला आणि चाळणीत डोकावल्या. मी म्हटलं, "एवढं मुरवलं, तरी पचेना."

आत्या म्हणाल्या, "कैरी मुरती, कारन ती आदीच खायजोगी असती. कोय मुरती का गं? ठेव दोन सालं बरनीत." आणि परत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या.

बारावी सायन्स मी झाले होते, आणि उत्तर त्यांच्याकडे होतं. मुरवल्याने वस्तू टिकते. जी घातली तीच टिकते. मी कोय घातली होती आणि कोयच टिकली होती. मग गवत कैरी असतं ते कधी? आता आठवलं, दर श्रावणात ही म्हैस चकाकायची. डोंगरावर चरून यायची, कातडीवर तेल चोपडल्यासारखं दिसायचं, आणि आम्ही म्हणायचो, हिला पावसाचं पाणी मानवतं. पाणी कसलं मानवतंय, कोवळं गवत मानवत होतं.

शिमगा आला. म्हैस गाभण नव्हती. व्यापारी दारात येऊन बसला. आत्यांनी मामांना आत बोलावलं. दाराआडून मला एवढंच ऐकू आलं: "एक साल. मी आजवर काय मागितलंय तुमाला?" मामा बाहेर आले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "पावणं, पुढल्या शिमग्याला या." मग माझ्याकडे वळून, "मग मातर माझं ऐकायचं. दोघींनी बी."

उन्हाळा आम्ही पेंडीच्या आधारानं आणि माझ्या माहेरच्या मुरघासाच्या चार गोण्यांवर काढला. पाऊस लागला. भादव्यात डोंगर कमरेएवढा हिरवा झाला आणि खरी अडचण तिथेच होती.

आमच्या वाडीत दसऱ्याआधी डोंगराच्या गवताला विळा लावत नाहीत. खंडेनवमीला विळ्यांची पूजा होते, दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिली मूठ कापायची आणि मग सगळी वाडी डोंगरावर चढते. त्या पहिल्या मुठीचा मान आमच्या घराचा. मामांचा, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा. त्याआधी कुणी विळा घेऊन डोंगरावर दिसला तर मामाच त्याला खडसावायचे. म्हणजे जो राखणदार, त्याच्याच घरातून चोरी करायची होती.

मी एक दिवस गवताचं एक कांडं तोडून आणलं. आत्या भाजी करत होत्या. भेंडी चिरण्याआधी प्रत्येकीचं टोक त्या अंगठ्याने मोडून बघत होत्या. कटकन मोडली की कोवळी, वाकली की जून, बाजूला टाकायची. मी ते कांडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी न विचारताच अंगठ्याने मोडलं. कटकन मोडलं.

"आन् दसऱ्याला?" मी विचारलं.

"दसऱ्याला ह्याचा दोर व्हतो," आत्या म्हणाल्या. आयुष्यभर बाजारात टोपलीतली एकेक भेंडी मोडून घेणारी बाई, आणि म्हशीसाठी मात्र आम्ही वर्षानुवर्षं जून माल गंजीला लावत होतो, आणि त्याची शोभा बघत होतो.

मामांना मी रागाने विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मला खरोखरच कुतूहल होतं. म्हटलं, "मामा, दसऱ्याआधी विळा का लावायचा नाही?"

"न्हाई लावत."

"पण का?"

मामांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "माझ्या ल्हानपनी एकानं लावला व्हता. भादव्यात कापलं, वाळंना, तसंच रचलं. गंजी आतून तापली. वाफा निगायला लागल्या. समदं काळं पडलं, जनावरानं तोंड लावलं न्हाई. उनाबिगर गवात टिकत न्हाई पोरी." पुढे म्हणाले, "आन् दुसरं. बी गळू द्यावं लागतं. समद्यांनी आदीच कापलं तर पुढल्या साली डोंगरावर काय उगवंल? तुझं शिकशान?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. इतके दिवस मी त्या रिवाजाला अडाणीपणा म्हणत होते, आणि त्याच्या आत दोन धडधडीत कारणं बसली होती. पहिलं कारण मुरघासाला लागू नव्हतं, त्याला ऊन नकोच असतं. दुसरं मात्र पूर्ण खरं होतं. माझ्या हातात विळा असता तर मी अख्खा डोंगर कापून मोकळी झाले असते.

मी कांडं उभं चिरलं. आत फूल अजून गुंडाळलेलं होतं. मामांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. भात पोटरीत आलं की असंच दिसतं, ते मामांना सांगायची गरज नव्हती. "पोटरीत हाय," म्हणाले आणि कांडं कानावर बिडी ठेवावी तसं ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा घरात नव्हते. विळाही नव्हता. मी आणि आत्या इरलं घेऊन वर गेलो. मामांनी डोंगराच्या एका अंगाला अर्ध्या एकराचा पट्टा दगड मांडून आखला होता आणि झिमझिम पावसात एकटे कापत होते. खाली वाडीतली चार माणसं येऊन उभी होती. मामा वर न बघता म्हणाले, "एवढा पट्टा म्हशीचा. दगडाच्या पल्याड इळा दसऱ्यालाच. आजचा पट्टा पुढल्या साली बियाला सोडायचा." ती चौघं पाठ फिरवून खाली उतरली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे चार दिवस घरात दुसरं काही नव्हतं. गवत पडवीत पसरून थोडं कोमेजू द्यायचं, कुट्टी करायची आणि मुठीत आवळून बघायचं. बोटांतून पाणी टपकलं तर अजून थांबायचं, मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर भरायचं. गुळाचं पाणी शिंपडायचं. मुरघासाच्या दोन मोठ्या प्लास्टिकच्या बॅगा आणल्या होत्या, माणूस आत उभा राहील एवढ्या. तुडवायचं काम आत्यांनी कुणाला दिलं नाही. पन्नास वर्षं लोणच्याच्या बरण्या भरलेली बाई ती. "कोपऱ्यात दाब, वारा तितंच बसतो. वारा ऱ्हायला की बुरशी," असं म्हणत लुगडं खोचून बॅगेत नाचत होत्या. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला सगळी वाडी डोंगराच्या पायथ्याशी जमली. मामांनी पूजा केलेला विळा हातात घेतला आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. म्हातारा मागे सरला. मामा म्हणाले, "घे. ज्याचा इळा आदीच वला झाला, त्यानं पैली मूठ कशी कापायची?" पहिली मूठ त्या घरानं कापली. अजूनही तो मान तिकडेच आहे. मामांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

दिवाळीनंतर पहिली बॅग उघडली. हिरवट पिवळा रंग, तोच आंबटगोड वास. आठवडाभर घातल्यावर मी चाळण काढायला गोठ्यात गेले, तर कुडाला चाळण नव्हती. आत्या दगडावर उकिडव्या बसून स्वतःच शेण धुत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघतेस काय, पानी वत." मी ओतलं. पाणी खाली जात राहिलं, चाळणीतलं कमी कमी होत गेलं. शेवटी तळाला चिमूटभर मऊ भुसा राहिला. आत्यांनी तो बोटांत चोळला तर विरघळल्यासारखा झाला. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी त्या गुपचूप चाळण काढायच्या आणि मी न पाहिल्यासारखं करायची.

मार्गशीर्ष सरता सरता म्हैस माजावर आली. पहाटे तिचं ओरडणं ऐकून मामाच आधी उठले. डॉक्टरांनी येऊन रेतन करून भरवली. मग वाट बघणं आलं.

शिमग्याच्या चार दिवस आधी डॉक्टर तपासायला आले, आणि योग असा की व्यापारीही त्याच सकाळी शब्दाप्रमाणे हजर. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घातला. आम्ही तिघं उभे होतो. आत्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्यांच्या बांगड्या माझ्या हातात रुतत होत्या. डॉक्टर डोळे मिटून चाचपत राहिले आणि मग हात काढून म्हणाले, "अडीच महिन्यांची गाभण आहे."

मामा घसा खाकरून व्यापाऱ्याला म्हणाले, "पावणं, च्या घ्या आन् जावा."

मी आनंदाने आत्यांना मिठीच मारली. त्या जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टर गेले, व्यापारी गेला, मामा वाडीत सांगायला गेले. मी गूळ वाटून परत आले तर आत्या गोठ्यातच होत्या. म्हशीच्या पुढ्यात बसलेल्या, मांडीवर कोरडी चाळण, आणि तिच्या जाळीत अडकलेली एक जुनी पिवळी काडी त्या नखाने काढत होत्या. बहुतेक मी पहिल्यांदा शेण धुतलं तेव्हाची असावी.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या.

"विचारा ना."

"मंग हिची आई... ती बी उपाशीच व्हती का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हातारी झाली असेल, आजारी असेल, काहीही. पण चाळण त्यांच्या मांडीवर होती.

"हो आत्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मी तिला खादाड म्हनले. जाताना दावं धरून वडलं तर मागं वळून गवताकडंच बघत व्हती. मी म्हनले, बघा, आजून हाव सुटंना." एवढं बोलून त्या उठल्या, चाळण कुडाला लावली, घमेलं भरून मुरघास आणला आणि म्हशीपुढे ठेवला. तिची वेळ झालेली नव्हती. तरी ती खात राहिली आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.